खंदकावरची उडी

परवा नातीसाठी घरीच काजळ धरायला बसले. सूनबाईने दुकानातली डबी आणून ठेवली होती, पण डबीतल्या काजळावर माझा विश्वास नाही आणि या वयात तो बसवून घ्यायची हौसही नाही. एरंडेल घरात नव्हतं, म्हणून करडईच्या तेलात वात भिजवली, तिच्यावर तांब्याची ताटली उपडी घातली आणि लातूरच्या या सिमेंटच्या घरात, गॅलरीच्या कोपऱ्यात, वाऱ्याला पाठ करून बसून राहिले. आत पाळण्याभोवती बाळाला पाहायला आलेल्या बायकांचा गलका चालला होता. सूनबाईची कुणी आत्या म्हणत होती, "पोर गोड आहे हो, पण रंगानं जरा दबलेलीच. डाळीचं पीठ अन् साय लावत जा रोज, उजळेल." बाकीच्या हसल्या. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. तेवढ्यात जळत्या करडईच्या तेलाचा आणि काजळीचा वास नाकात शिरला, आणि कितीतरी वर्षं मागे, उदगीरच्या किल्ल्याकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत मी उभी राहिले. त्या गल्लीच्या तोंडाशी एक घोडी बांधलेली असे, आणि घोडीशेजारी बाजेवर चाचा बसलेले असत.

चाचा टांगा चालवत. आमचं घर कापडवाल्यांचं, गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं. त्यांचं घर त्याच गल्लीत, मशिदीच्या अंगाला. मी लग्न होऊन आले तेव्हा स्टेशनवरून सासरी त्यांच्याच टांग्यातून आले. पदराआडून पहिल्यांदा त्यांना पाहिलं आणि खरं सांगते, दचकले. असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ताडमाड उंची, दाट कुरळे केस, रुंद नाक, आणि रंग असा काळा, की त्याला आमच्याकडचा 'सावळा', 'निमकाळा' यातला कुठलाच शब्द पुरला नसता. त्यांचे पूर्वज समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेले. आजा हैदराबादेत निजामाच्या घोडदळात, हबशांच्या पथकात होता. पोलीस ॲक्शननंतर पथक मोडलं आणि बाप सासुरवाडीच्या आधाराने उदगिरात येऊन राहिला. गल्लीत त्यांना सगळे चाचा म्हणत, पण रडणाऱ्या पोराला गप्प करायचं झालं की आयाबाया 'थांब, हबशाला बोलावते' म्हणत. ते चाचांच्या कानावर जाई, आणि ते घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत बसत.

तरुणपणी ते मुंबईला जाऊन आले होते. घोड्यावरून पडण्याचं काम करायला. सिनेमात नायक घोड्यावरून कोसळतो, छपरावरून उडी घेतो, ते तो नसतोच, हे मला त्यांनीच सांगितलं. त्याच्याऐवजी पडणारी माणसं वेगळी असतात. नायकाच्या जागी पडायचं म्हणून चाचांच्या हातांना, मानेला पांढरी पावडर फासत आणि तोंड कॅमेऱ्याला दिसणार नाही असं पडायला सांगत. आणि कथेत कधी हबशी सरदार, हबशी पहारेकरी आलाच, तर एखाद्या गोऱ्यागोमट्या नटाला काळा रंग लावून उभा करत. "गोऱ्याचं काम हाय तर आमी गोरं व्हायचं, अन् काळ्याचं हाय तर त्यांनी काळं व्हायचं," चाचा म्हणत, "मग आमचं तोंड कवा लागतंय वो कामाला?" चार लोकांना गोळा करून हा प्रश्न त्यांनी तिथल्या मोठ्या माणसांना विचारला, आणि त्यानंतर त्यांना काम मिळेनासं झालं. ते उदगीरला परत आले, माळेगावच्या जत्रेतून एक पांढरी घोडी घेतली आणि टांगा जोडला. तरी ती सल त्यांच्या मनातून गेली नव्हती. मुंबईचा विषय निघाला की ते बोलता बोलता नकळत स्वतःच्या गालावरून हात फिरवत.

मग तो दुष्काळ आला. ज्यांनी तो काढला त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी नाही काढला त्यांना सांगून कळायचा नाही. आडांचे तळ दिसले, रेशनवर परदेशी ज्वारीचा तांबडा मिलो आला, जो खाताना घशात उभा राही. चारा मिळेना तेव्हा चाचा रेल्वेने किनवटकडे जंगलात जात आणि गवताचे भारे घेऊन येत. घोडीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या, तरी तिची मालीश त्यांनी एक दिवस चुकवली नाही. त्याच उन्हाळ्यात स्वस्त धान्याच्या दुकानातून मिलोचं पोतं चोरताना एक माणूस सापडला. लोकांनी त्याच्या तोंडाला काळं फासलं, गाढवावर उलटा बसवला आणि वाजतगाजत गावातून फिरवला. आमच्या गल्लीतूनही ती धिंड गेली. मी दाराच्या फटीतून पाहिली. पुढे माणसं पांगली तेव्हा त्या चोराला चाचांनी हाताला धरून आपल्या दारात बसवलं आणि घोडीच्या हौदातलं पाणी घेऊन त्याचं तोंड धुतलं. त्या दिवशी घोडी तहानलेलीच राहिली असणार.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसे त्याच सुमाराला सिनेमावाले आले. त्यांना भेगाळलेली जमीन, निष्पर्ण झाडं आणि ओसाड किल्ला हवा होता. देवाने सगळं एका जागी मांडूनच ठेवलं होतं. पण त्यांना तेरावा महिना म्हणणं हा माझा कृतघ्नपणा झाला. त्यांनी नांदेडहून गोदावरीच्या डोहातलं पाणी भरून आणणारा स्वतःचा टँकर लावला होता, आणि दिवसाचं काम संपलं की उरलेलं पाणी आमच्या गल्लीला मिळे. संध्याकाळी घागरींची रांग लागे. सासूबाई त्या सिनेमातल्या नट्यांना नावं ठेवत आणि पाण्याला नमस्कार करत.

त्या कथेत किल्ल्याचा एक हबशी पहारेकरी होता. शेवटी तो घोड्यावरून कोरडा खंदक ओलांडून उडी घेतो आणि मरतो. ते काम मुंबईचा एक गोरापान नट करत होता, तोंडाला चकचकीत काळा रंग लावून. चाचा पहिल्या दिवशी ते पाहून आले आणि बाजेवर पडून राहिले. पुढे उडीची वेळ आली. मुंबईहून आणलेल्या घोडेस्वाराने खंदक पाहिला, तळातले दगड पाहिले आणि सरळ नाही म्हणून टाकलं. तेव्हा चाचा उठले, अंगावर धुतलेला सदरा चढवला आणि दिग्दर्शकापुढे जाऊन उभे राहिले. "साब, हबशी पायजे ना तुमाला? मी हबशीच हाय. घोडी माझी, खंदक माझ्या गावचा. मी मारतो उडी." साहेबांना आनंद झाला. त्यांनी चाचांच्या पाठीवर थाप मारली. चाचा परत आले तेव्हा त्यांच्या चालीत पोरवय आलं होतं. "बेटी," मला म्हणाले, "या बारीला माझ्याच तोंडानं हाय." चाचींनी असलेल्या गुळातून चिमूट चिमूट गल्लीत वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगवाला डबा घेऊन त्यांच्या दारात आला. नटाच्या तोंडाचा रंग निळसर काळा होता, चाचांचा तांबूस. दोन्ही एकाच माणसाचे वाटायला हवेत, म्हणून चाचांना नटाचा काळा रंग लावायचा होता. काळ्या माणसाला काळा रंग. आधी गल्लीला ते कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा काही जण फिदीफिदी हसले. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी डबा हातात घेतला, वास घेतला आणि परत केला. तोंडाला काळं लावून, घोड्यावर बसून, सगळ्या गावासमोर मी जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मुंबईच्या लोकांना यात अडण्यासारखं काय आहे तेच समजेना. आम्हाला मात्र सांगायची गरज नव्हती; गाढवावरचा तो मिलोचोर अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. दुपारपर्यंत काम थांबलं. उडी नाही तर गाशा गुंडाळतो, असा निरोप आला. गाशा गुंडाळणार म्हणजे टँकरही जाणार.

मग गावातली चार मोठी माणसं आमच्या ओसरीवर जमली. त्यांच्या पुढे माझे सासरे, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणे. चाचांना बोलावणं गेलं. मी आतल्या दाराशी उभी होते.

"चाचा, रंगच हाय वो," अप्पा म्हणाले. "उद्या धुतला की जातंय."

"अप्पा, मिलो चोरला त्याला काय केलतं तुमी?"

अप्पा पानाला चुना लावू लागले. शेवटी कोपऱ्यातून एक जण पुटपुटला, "टँकर गेला तर लेकरांनी काय प्यावं?"

चाचा त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "हाव. मग पाण्याचं बोला की. रंगाचं नका बोलू." आणि उठून गेले. ते रंगवाल्याकडे गेले हे आम्हाला नंतर कळलं.

उडी मी किल्ल्याच्या उतारावर बायकांच्या घोळक्यातून पाहिली. चाचांचा चेहरा उन्हात बुटासारखा चमकत होता आणि त्यात त्यांचे ते नेहमीचे मऊ डोळे कुणा परक्याचे वाटत होते. त्यांनी घोडीच्या मानेवर दोनदा थोपटलं, ही त्यांची सवयच होती, आणि टाच दिली. ती हाडं निघालेली घोडी खंदकावरून अशी गेली, की मी शेजारणीचा हात घट्ट धरला. पलीकडच्या काठावर तिचे मागचे पाय घसरले, माती ढासळली, आणि ती कशीबशी वर चढली. लोकांनी टाळ्या पिटल्या. चाचा खाली उतरले, घोडीचा लगाम हातात घेतला आणि कुणाकडेही न बघता, तोंड तसंच घेऊन, भर बाजारातून चालत घरी आले. वाटेत दुकानावर बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्याचं अप्पा सांगत.

आणि ते त्या सिनेमाचं शेवटचं काम होतं. गरज सरो, वैद्य मरो. दिवस मावळायच्या आत मोटारी भरल्या, तंबू निघाले आणि टँकर रिकामा होऊन नांदेडच्या रस्त्याला लागला. ज्या पाण्यासाठी चाचांनी तोंड काळं करून घेतलं, त्यातलं त्यांचं तोंड धुवायला तांब्याभरही उरलं नाही.

चाची आमच्या मागच्या दाराशी आल्या. "जरा तेल देव बेटी. रंग नै निकलता उनका." मी वाटीभर करडईचं तेल दिलं. तेलाने रंग निघायचं सोडून पसरला. कानामागे, मानेवर, डोळ्यांत गेला. मग गल्लीतल्या बायकांनी काही ठरवलं नव्हतं, पण एकेक जण पिण्याच्या घागरीतलं तांब्या तांब्या पाणी पदराखाली झाकून त्यांच्या दारात घेऊन आली. मीही नेलं. चाचा बाजेवर बसले होते, डोळे लालभडक. त्यांनी हात जोडले. "ये पिनेका पानी है माँ. मुँह धोनेकू नक्को." आम्ही ठेवून यायचा प्रयत्न केला, तर त्यांनी एकेकीचा तांब्या उचलून तिच्या हातात परत दिला. हौदात घोडीचं पाणी होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. त्या चोरासाठी मात्र तेच पाणी घेतलं होतं. कितीतरी दिवस तो रंग त्यांच्या कातडीवर पापुद्र्यांनी राहिला, आणि बाजारातला एक शहाणा म्हणालाच, "चाचाला काय फरक पडतोय त्येनं?" ते ऐकून मला जो संताप आला तो अजून पुरता विझलेला नाही. माणसाच्या रंगावर रंग चढवला, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसले! म्हणजे इतकी वर्षं रोज टांग्यात बसताना याने त्या माणसाकडे पाहिलं तरी होतं का?

पाऊस पुढे पडला. पावसाचं काय, तो उशिरा का होईना पडतो. वर्षं गेली, टांगे कमी होऊन रिक्षा आल्या, आणि मग एक दिवस आमचा लातूर जिल्हा निराळा झाला. आम्ही उस्मानाबादचे होतो ते लातूरचे झालो. पेढे वाटले गेले, कमानी उभ्या राहिल्या, आता पाणी येईल, रस्ते येतील, असं सगळे बोलू लागले. त्या नव्या नवलाईत पुन्हा सिनेमावाले आले, ऐतिहासिक चित्रपट काढायला. पुन्हा तोच किल्ला, आणि नशिबाचा खेळ बघा, पुन्हा एक हबशी पहारेकरी. या वेळी त्यांना पुष्कळ घोडे हवे होते. टांगा सोडल्यावर चाचा घोडे शिकवायचं काम करत. उदगीर, देगलूर, निलंग्याच्या बाजूला ज्याच्या दारात घोडा, तो त्यांच्या हाताखालून गेलेला. केस पिकले होते, पण पाठ ताठ होती. ते घोडेवाल्यांच्या दारोदार फिरले आणि एकच सांगत गेले: रंगवलेला हबशी असेल तर आपला घोडा द्यायचा नाही. रोजच्या भाड्यावर पाणी सोडायला कोण तयार होतं? काही जण कुरकुरले, एक जण तर भांडलाच. तेव्हा म्हातारे झालेले माझे सासरे काठी टेकत चाचांबरोबर निघाले. घरोघरी बसले. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण घरी आल्यावर चूळ भरता भरता एकदा म्हणाले, "त्या दिशी मी पाण्याचंच बोलाय पायजे होतं." नियोजित दिवशी किल्ल्याच्या दरवाज्यासमोर एकही घोडा आला नाही. संध्याकाळी सिनेमाचा व्यवस्थापक चाचांच्या बाजेवर येऊन बसला, आणि पहारेकऱ्याचं काम त्यांनाच देऊन उठला.

चाचा स्वतःच्या तोंडाने घोड्यावर बसले. रंगवाला डबा घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला हसून चहा पाजला. चाचींनी त्यांच्या डोळ्यांत सुरमा घातला, तेवढाच शृंगार. घोडीही त्या जुन्या घोडीचीच लेक. त्यांनी मानेवर दोनदा थोपटलं आणि उडी घेतली. लखलखीत उडी, काठाची माती हललीसुद्धा नाही. पण नायकाच्या तोंडावरची सावली हलली म्हणून साहेबांनी पुन्हा घ्यायला सांगितलं. चाचांनी घेतली. पुन्हा सांगितलं. अप्पा ओरडले, "बास करा की आता! म्हातारा माणूस हाय त्यो!" चाचांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि घोडी वळवली. त्या तिसऱ्या उडीत तिचा पाय चुकला. घोडी वाचली. चाचांची कंबर मोडली, आणि त्यानंतर ते आधाराशिवाय कधी उभे राहिले नाहीत.

सिनेमा लागला तो लातूरला. आम्ही सगळी गल्ली एका टेम्पोत बसून गेलो. चाचांना बाजेसकट उचलून चढवलं होतं. थिएटरात खुर्च्यांच्या ओळीशेवटी पोरांनी त्यांना धरून बसवलं. ते इस्त्रीचा सदरा घालून, दाढी नीट कातरून आले होते. पहारेकऱ्याचा प्रसंग आला तशी मी पुढे सरकून बसले. पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा होता. नायक उजेडात उभा, त्याच्या गालावरचा तीळही दिसावा असा. आणि दरवाज्याच्या कमानीखाली, दाट सावलीत, एक स्वार. फेटा दिसत होता, पांढरी घोडी दिसत होती, फेट्याखाली काळोख. सगळे दिवे नायकासाठी लावले होते, कमानीखाली एकही नव्हता. त्या काळोखातून एक हात पुढे आला आणि घोडीच्या मानेवर दोनदा थोपटला. उडी झाली, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. लोक नायकासाठी शिट्ट्या मारत होते.

दिवे लागले. चाचांनी आमच्याकडे वळून पाहिलं. "दिसलो न्हवं मी?" त्यांनी विचारलं.

"दिसलात की चाचा!" आम्ही सगळे एका तोंडाने म्हणालो. मीही म्हणाले. अप्पा म्हणाले, "झ्याक दिसलात." चाचा एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि शेवटी चाचींकडे वळले. चाची चष्मा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "नै दिसे जी. अंधारा था."

"हौ," चाचा म्हणाले. "मैं भी वहीच देख्या." मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण त्यांनी चाचींचा हात आपल्या हातात घेतला आणि परतीच्या वाटेवर टेम्पोत कितीतरी वेळ तो सोडला नाही. अहमदपूरचा फाटा मागे गेला तेव्हा ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पर अंधारे में मुँह मेराच था."

चाचा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चाचीही गेल्या. तो सिनेमा कुणाच्या लक्षात नाही, आणि नव्या जिल्ह्याचं म्हणाल, तर तोही आता जुना झाला; नळाला पाणी मात्र अजून वाट पाहायला लावून येतं आणि उन्हाळ्यात आमच्याही दारात टँकर उभा राहतो. मी ताटली उचलली. खाली दाट, मऊ काजळ धरलं होतं. बायका निघून गेल्या होत्या, आणि जाताना आत्याबाईंनी डाळीचं पीठ भिजवून वाटीत ठेवलं होतं. ती वाटी मी मोरीत रिकामी केली. नातीच्या गालाला बोटाच्या टोकाने एवढीशी तीट लावली, बाकी तिचा सगळा चेहरा तसाच ठेवला. सूनबाईने पाळण्यावरचा दिवा मालवायला हात पुढे केला, तर मी म्हटलं, राहू दे. आणि पोरीला उचलून खिडकीशी, भर उजेडात घेऊन गेले. तिथे उभी राहून मी तिचं तोंड बराच वेळ पाहत राहिले.